तिकिटावरचा दीड तास आणि घर ते घर सव्वापाच तास : मुंबई–नागपूर विमानसेवेचा अनुभव

माझे माहेर नागपूरला धरमपेठेत आहे आणि संसार व नोकरी डोंबिवली–मुंबईत. चार वर्षांपूर्वी आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले, तेव्हापासून वर्षातून सात-आठ वेळा तरी मी मुंबई–नागपूर विमानाने जाऊन येते. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच माझ्या लक्षात आले की तिकिटावर छापलेली वेळ आणि आईच्या दारात पोचण्याची वेळ यांचा मेळ कधीच बसत नाही. म्हणून एका छोट्या वहीत मी प्रत्येक फेरीच्या वेळा लिहून ठेवू लागले : घरातून निघाले कधी, विमानाची चाके जमिनीवरून सुटली कधी, टेकली कधी, बॅग हातात आली कधी आणि घराची बेल वाजवली कधी. खाली जे लिहिते आहे ते त्या वहीच्या आधाराने. हे परीक्षण कोणा एका विमान कंपनीचे नाही. या मार्गावर मी वेगवेगळ्या कंपन्यांनी प्रवास केला आहे आणि त्यांच्यातला फरक या दोन शहरांमधल्या अंतरापेक्षा आणि वेळेपेक्षा कमी महत्त्वाचा आहे, असे माझे मत झाले आहे.

आधी अंतराविषयी, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. नकाशावर मुंबई विमानतळापासून नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळापर्यंत सरळ रेषा ओढली तर ती सुमारे ६८५ किलोमीटर भरते, म्हणजे वैमानिकांच्या भाषेत साधारण ३७० सागरी मैल. रेल्वेने भुसावळमार्गे सीएसएमटी ते नागपूर हे अंतर ८३७ किलोमीटर आहे, आणि समृद्धी महामार्गाची आमणे ते नागपूर ही लांबी ७०१ किलोमीटर. तिन्ही आकडे खरे आहेत, पण ते तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. सरळ रेषेचा आकडा धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंतचा असतो आणि कोणीही माणूस धावपट्टीवर राहत नाही. इंटरनेटवर ‘मुंबई ते नागपूर किती वेळ लागतो’ असे विचारले की याच सरळ रेषेला विमानाच्या सरासरी वेगाने भागून तास-सव्वा तास असे उत्तर मिळते. ते उत्तर चूक नाही, पण त्यावर विसंबून दुपारी बाराची मीटिंग ठरवली तर माणूस अडचणीत येतो.

तिकिटावर या प्रवासाला बहुतेक वेळा दीड तास किंवा त्याहून पाच-दहा मिनिटे अधिक दिलेली असतात. हा वेळ हवेतला नव्हे. मुंबईच्या गेटवरून विमान मागे ढकलले जाते त्या क्षणापासून नागपूरला ते जागेवर उभे राहते त्या क्षणापर्यंतचा हा वेळ असतो आणि विमान व्यवसायात त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकत जाणे, परवानगीची वाट पाहणे, उतरल्यावर पार्किंगपर्यंत जाणे हे सगळे त्यात धरलेले असते, शिवाय थोडा राखीव वेळही असतो. ठरल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत असलेले विमान वेळेवर मानले जाते, त्यामुळे कंपन्या वेळापत्रकात हात जरा सैल सोडतात. मला यात गैर काही वाटत नाही. मात्र त्यामुळेच मुंबईहून वीस मिनिटे उशिरा उडालेले विमान नागपूरला ‘वेळेच्या आधी’ पोचल्याची घोषणा ऐकू येते, त्यामागचे गणित प्रवाशाने समजून घेतलेले बरे.

प्रत्यक्ष हवेतला भाग हा या सेवेचा सर्वांत चांगला भाग आहे आणि त्याविषयी मी मनापासून लिहू शकते. वर्षाचा बराचसा काळ मुंबईत वारा पश्चिमेकडून असतो आणि विमान वाऱ्याच्या तोंडी उडते, त्यामुळे नागपूर पूर्वेला असूनही आपण सुरुवातीला उलट दिशेला, जुहूच्या किनाऱ्यावरून समुद्रावर जातो. मग मोठे वळण घेऊन विमान पुन्हा शहरावर येते आणि घाटाकडे तोंड करते. या वळणात काही मिनिटे जातात. सरळ रेषेच्या हिशेबात ती कुठेच नसतात. पण सकाळच्या वेळी खाली मासेमारीच्या होड्या दिसतात आणि क्षितिजावर उजेड फुटत असतो, त्यामुळे ही मिनिटे मला कधी वाया गेल्यासारखी वाटली नाहीत.

मुंबई–नागपूर सरळ रेषा माळशेज घाटाच्या वरून जाते. जाताना डावीकडची खिडकी मिळाली आणि आकाश स्वच्छ असले तर भंडारदऱ्याचे पाणी आणि कळसूबाईच्या बाजूचे डोंगर दिसतात. उजवीकडे बसलात तर पुढे काही मिनिटांनी पैठणचा नाथसागर दिसतो. जायकवाडीचा हा जलाशय वरून पाहिला की त्याचा विस्तार लक्षात येतो, कारण एरवी ज्या मराठवाड्याची बातमी टँकरच्या आकड्यांनी सुरू होते त्याच्या मधोमध एवढे पाणी पसरलेले दिसते. छत्रपती संभाजीनगर जवळजवळ बरोबर पायाखालून जाते. त्यानंतर बुलढाणा जिल्ह्यावर आले की मी नेहमी उजवीकडे डोळे लावून बसते, कारण लोणार या रेषेच्या दक्षिणेला तीस-बत्तीस किलोमीटरवर आहे. एवढ्या फेऱ्यांत ते मला फक्त दोनदा दिसले. एकदा ऑक्टोबर संपता संपता पाऊस थांबून हवा धुऊन निघाली होती, तेव्हा हिरव्या-तपकिरी जमिनीत कोणी अंगठ्याने दाबून खळगा करावा तसे ते वर्तुळ दिसले आणि दोन मिनिटांत पंखाच्या मागे गेले. हिवाळ्यात सकाळी उजव्या खिडकीत सूर्य समोरून डोळ्यांवर येतो, एवढी एक अडचण आहे. तरी ज्यांना पाहायची हौस आहे त्यांनी जाताना एफ आणि येताना ए ही जागा घ्यावी, असे मी सुचवेन.

हवेतल्या या तासाची आतली मांडणी समजली की प्रवास अधिक सोपा होतो. ३५ हजार फुटांवरून खाली येताना विमान दर हजार फुटांना सुमारे तीन सागरी मैल या हिशेबाने उतरते, म्हणजे नागपूरच्या १९०–२०० किलोमीटर आधीच, अकोला–कारंजाच्या आसपास, उतरणीला सुरुवात झालेली असते. चढायलाही जवळपास तेवढेच अंतर लागते, त्यामुळे शिर्डी–वैजापूरपर्यंत विमान चढतच असते. राहिले मधले तीनशे किलोमीटर, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटे. विमान सरळ, सपाट असे तेवढेच उडते आणि तेवढ्या वेळात कर्मचाऱ्यांना गाडी फिरवून चहा-सँडविच द्यायचे, पैसे घ्यायचे आणि कचरा गोळा करायचा असतो. त्यांच्यावर घाईचा ठपका ठेवणाऱ्या सहप्रवाशांना मी हे गणित एक-दोनदा समजावून सांगितले आहे. या मार्गावर विमानात खाण्याच्या भरवशावर राहू नये. चहा गरम मिळतो, पण तो शांतपणे संपवायला वेळ नसतो.

आणखी एक बारकावा मला फार आवडतो. पूर्वेकडे जाणारी विमाने विषम हजार फुटांवर आणि पश्चिमेकडे येणारी सम हजार फुटांवर उडतात, म्हणजे समोरासमोर येणाऱ्या विमानांमध्ये उंचीचे अंतर राहते. म्हणून जाताना घोषणेत ३३ किंवा ३५ हजार फूट ऐकू येते आणि येताना ३४ किंवा ३६ हजार. वाऱ्याचाही फरक पडतो. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेचे वारे जोरात असतात, ते जाताना मागून ढकलतात आणि येताना समोरून अडवतात. माझ्या वहीत डिसेंबर–जानेवारीच्या फेऱ्यांमध्ये जाण्याचा हवेतला वेळ येण्याच्या वेळेपेक्षा आठ-दहा मिनिटांनी कमी दिसतो. पावसाळ्यात उंचावरचे वारे पूर्वेकडून वाहू लागतात आणि हा फरक जवळपास नाहीसा होतो. सूर्याचा हिशेब तर याहून वेगळा आहे. घड्याळ दोन्हीकडे एकच असले तरी नागपूर मुंबईच्या सव्वासहा अंश पूर्वेला असल्यामुळे तिथे सूर्य सुमारे पंचवीस मिनिटे आधी उगवतो आणि आधी मावळतो. संध्याकाळी मुंबईहून उजेडात निघावे आणि नागपूरला उतरेपर्यंत पूर्ण अंधार व्हावा, हा अनुभव त्यामुळेच येतो.

आता वहीतली एक फेरी जशीच्या तशी देते, कारण वाचणाऱ्याला उपयोग होईल तो याचाच. गेल्या हिवाळ्यातले सकाळी ६.१० चे विमान, पोचण्याची छापील वेळ ७.४०. डोंबिवलीतून टॅक्सीने निघाले ३.२० ला. शिळफाटा आणि ऐरोली असा रिकामा रस्ता मिळूनही टर्मिनलच्या दारात पोचायला ४.२५ झाले. बॅग देणे, सुरक्षा तपासणी आणि गेटपर्यंतचे लांबलचक चालणे यात पाऊण तास गेला, उरलेला वेळ बाकावर बसून काढला. विमानाचे दार ६.०२ ला बंद झाले. चाके जमिनीवरून सुटली ६.२९ ला आणि नागपूरला टेकली ७.३३ ला, म्हणजे हवेत एकूण ६४ मिनिटे. विमान जागेवर उभे राहिले ७.३९ ला, छापील वेळेच्या एक मिनिट आधी. बॅग पट्ट्यावर आली ७.५८ ला आणि धरमपेठेतल्या घराची बेल मी वाजवली तेव्हा ८.३५ झाले होते. घर ते घर सव्वापाच तास. त्यातला हवेतला वाटा एक पंचमांश. अंतर ६८५ किलोमीटर धरले तर या प्रवासाचा खरा वेग ताशी १३० किलोमीटर पडतो. आणि ही सगळे सुरळीत पार पडलेली फेरी होती, हे मुद्दाम सांगते.

बिघडलेली फेरीही सांगायला हवी. त्याच आठवड्याच्या शेवटी मी संध्याकाळी साडेसातच्या विमानाने परतत होते. आईकडून निघाले ५.४० ला. गेटवर गेल्यावर कळले की आमचे विमान अजून दुसऱ्या शहरातून यायचे आहे. फलकावर आधी वीस मिनिटे उशीर दाखवला, मग पस्तीस, मग पन्नास. दर वेळी नवी वेळ जुनी वेळ उलटून गेल्यावरच लागत होती. कंपनीच्या काउंटरवरच्या मुलीला विचारले तर तिच्याकडेही फलकापेक्षा अधिक माहिती नव्हती. बाजूला एक आजोबा होते, त्यांना मुंबईहून रात्रीची पुढची बस पकडायची होती आणि ते दर पाच मिनिटांनी उठून फलकापाशी जाऊन येत होते. उडाल्यावरही सुटका नव्हती. मुंबईच्या अलीकडे विमानाला वीस मिनिटे घिरट्या घालाव्या लागल्या. डोंबिवलीत घरी पोचले तेव्हा रात्रीचे सव्वाबारा वाजून गेले होते, म्हणजे साडेसहा तासांहून अधिक. उशिराबद्दल माझी फारशी तक्रार नाही. विमान अजून निघायचे आहे हे तासभर आधी सांगता येत असताना माणसांना पंधरा-पंधरा मिनिटांच्या हप्त्याने ताटकळत ठेवणे मात्र मला योग्य वाटत नाही. आजोबांना पहिल्यांदाच खरी वेळ सांगितली असती, तर त्यांनी घरी फोन करून दुसरी सोय केली असती.

सकाळ आणि संध्याकाळ यांत हा फरक का पडतो, याचे कारण सरळ आहे. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करते. पहाटे ते रात्रभर उभे असलेल्या जागेवरून निघते, त्यामुळे वेळेवर निघते. पुढे दिल्लीत धुके पडले किंवा कुठे वादळी पाऊस झाला की तो उशीर फेरीमागून फेरी साठत जातो आणि संध्याकाळच्या प्रवाशाच्या वाट्याला येतो. नागपूरला धुके नसले तरी दिल्लीचे धुके नागपूरकराला भोगावे लागते ते असे. त्यात मुंबई विमानतळाची स्वतःची अडचण आहे. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे चालवता येत नाहीत आणि एवढ्या मोठ्या शहराची सगळी वाहतूक व्यवहारात एका धावपट्टीवर चालते. पावसाळ्याआधी आणि नंतर देखभालीसाठी त्या काही तास बंदही ठेवतात. उतरण्याच्या रांगेत थांबलेले विमान हवेतच फिरत राहते, आणि ती वीस मिनिटे सरळ रेषेच्या कुठल्याही गणितात बसत नाहीत.

या संदर्भात प्रवाशांनी एक नियम माहीत करून घ्यावा, कारण तो थेट या ब्लॉक टाइमशी जोडलेला आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमच्या विमानाला दोन तास किंवा त्याहून अधिक उशीर होणार असेल तर वेळेवर विमानतळावर आलेल्या प्रवाशाला खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची असते. मुदतीत कळवल्याशिवाय विमान रद्द केले तर एक ते दोन तासांच्या ब्लॉक टाइमसाठी ७,५०० रुपये किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ती भरपाई आहे. मुंबई–नागपूर याच गटात येते. हवामानासारख्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना ही भरपाई लागू होत नाही. त्या संध्याकाळी आमचा उशीर दोन तासांच्या आत होता, त्यामुळे आम्हाला काही मिळायचा प्रश्न नव्हता.

या सेवेला ज्या गोष्टीसाठी मी मनापासून चांगले म्हणेन ती म्हणजे वयस्कर माणसांची सोय. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी आईला पहिल्यांदा डोंबिवलीला आणले तेव्हा तिकीट काढतानाच व्हीलचेअरची नोंद केली होती. नागपूरच्या टर्मिनलच्या दारापासून एका तरुण कर्मचाऱ्याने तिला खुर्चीवर घेतले, सुरक्षा तपासणीत पायातल्या धातूमुळे यंत्र वाजले तेव्हा त्यानेच शांतपणे समजावून सांगितले आणि विमानाच्या दारात पोचेपर्यंत तो तिला ‘आजी, घाबरू नका’ म्हणत होता. आई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली होती. चढताना तिने माझा हात घट्ट धरला होता आणि विमान सपाट झाल्यावर खिडकीतून खाली पाहत तिने विचारले, ‘‘हे अकोला येऊन राहिलं का?’’ बाबा रेल्वेत होते आणि अकोला–भुसावळ–मनमाड ही स्टेशने तिला तोंडपाठ आहेत, त्यामुळे तिला सगळा मार्ग स्टेशनांनीच मोजायचा होता. ज्या अंतराला तिच्या माहितीप्रमाणे एक अख्खी रात्र लागते ते चहा संपायच्या आत मागे पडले, हे तिला मुंबईला उतरल्यावरही खरे वाटत नव्हते. गुडघा न वाकणाऱ्या माणसाला तेरा तास बर्थवर काढण्याऐवजी तासभर खुर्चीत बसावे लागते, ही या सेवेची खरी किंमत आहे आणि तिच्यापुढे मी भाड्याची तक्रार करणार नाही.

रेल्वेशी आणि रस्त्याशी तुलना केल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही. दुरांतो मुंबईहून रात्री आठ-सव्वाआठला निघते आणि साधारण अकरा तासांत नागपूरला पोचवते. कल्याणला थांबणारी विदर्भ एक्स्प्रेस आमच्यासारख्यांना अधिक सोयीची आहे, तिला तेरा तासांच्या आसपास लागतात. तास अधिक लागले तरी ते झोपेचे असतात. पहाटेच्या विमानासाठी रात्री अडीचला उठणारा माणूस आणि रात्रभर बर्थवर झोपून सकाळी नागपूरला उतरणारा माणूस, या दोघांमध्ये दिवसभर काम करण्याची ताकद कोणात अधिक असते याचे उत्तर मला माझ्या अनुभवाने माहीत आहे. आरक्षण मिळाले आणि घाई नसली तर मी आजही गाडीच घेते. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यावर पूर्ण झाला. मोटारीला सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, त्यामुळे आठ-साडेआठ तासांत डोंबिवलीहून नागपूर गाठता येते. चौघे मिळून, सामान भरून जायचे असेल तर तो पर्याय चांगला आहे. पण तासन् तास सरळ, एकसारख्या रस्त्यावर चालकाचे भान सैल होते, आणि एकट्याने, विशेषतः रात्री, तो प्रवास करू नये असे मी कळकळीने सांगेन.

विदर्भाच्या पश्चिम भागातल्या वाचकांसाठी एक नोंद : अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईची सेवा सुरू झाली. ते अंतर नागपूरपेक्षा सुमारे एकशे चाळीस किलोमीटरने कमी आहे, पण तिथे पंख्याचे एटीआर विमान असल्यामुळे वेळ काही कमी लागत नाही. जेट विमान ताशी आठशे किलोमीटरच्या वर जाते तर एटीआर पाचशेच्या आसपास. अंतर कमी म्हणजे वेळ कमी, हे गृहीतक इथे लागू पडत नाही. तरीही अमरावतीकराला नागपूर विमानतळापर्यंतचे दीडशे किलोमीटर वाचतात आणि खरा फायदा त्यातच आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमाने उडू लागली आहेत, त्यामुळे आता तिकीट काढताना नुसते ‘मुंबई’ न पाहता विमानतळ कोणता आणि टर्मिनल कोणते हे दोनदा वाचावे. पनवेल–उरणकडच्या माणसाला नवी मुंबई सोयीचे आहे, तर बोरिवलीच्या माणसाला नेमके उलट.

नागपूरच्या टोकाविषयी फारसे लिहायला नको, कारण तिथे सगळे सोपे आहे. टर्मिनल आटोपशीर आहे, बॅग लवकर येते. ‘एअरपोर्ट’ नावाचे मेट्रो स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही, त्यामुळे सामान असले तर तिथपर्यंत रिक्षा करावी लागते. सीताबर्डीला गाडी बदलून शंकरनगरला उतरले की आमचे घर चालत दहा मिनिटांवर. उत्तरेकडून उतरायचे झाले तर डाव्या खिडकीत अंबाझरीचा तलाव दिसतो, आणि मला तो दिसला की घरी आल्यासारखे वाटते. मे महिन्यातल्या दुपारी मात्र तापलेल्या जमिनीवरची हवा विमानाला चांगलीच हलवते, त्यामुळे लहान मुले किंवा पोट नाजूक असलेली माणसे बरोबर असतील तर उन्हाळ्यात दुपारचे विमान टाळावे.

या विमानतळाचा एक जुना संदर्भ मला इथे आठवतो. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपाल सेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही दिशांची विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरांत परत जात. ही सेवा १९७३ पर्यंत चालली. सुरुवातीच्या डाकोटा विमानांचा वेग पाहता त्यांना मुंबई–नागपूर अंतराला अडीच तासांच्या आसपास लागत असणार. पत्र नागपूरमार्गे एका रात्रीत देशाच्या दुसऱ्या टोकाला पोचत असे, कारण चारही शहरांना वेळेच्या हिशेबात सोयीचे पडणारे ठिकाण हेच होते. अंतर मोजण्यापेक्षा वेळ कशी जुळवायची याचा विचार त्या वेळी किती नेमका केला होता, याचे मला कौतुक वाटते.

भाड्याबाबत ठोस आकडा देण्यात अर्थ नाही, कारण तो सकाळ-संध्याकाळ बदलतो. दिवाळी, उन्हाळी सुट्टीचा पहिला आठवडा आणि डिसेंबरातले विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन, या तीन काळांत तिकीट महिनाभर तरी आधी काढावे. १९५३ च्या नागपूर करारामुळे अधिवेशन नागपूरला भरते आणि त्या दिवसांत सोमवारी सकाळी जाणारी व शुक्रवारी संध्याकाळी येणारी विमाने गच्च भरलेली असतात. पंधरा किलोची सामानाची मर्यादाही लक्षात ठेवावी. आई देते ते लोणचे, सांडगे आणि संत्रा बर्फीचे डबे यांनी ती मर्यादा माझ्याकडून दर खेपेला गाठली जाते. लोणचे हातातल्या बॅगेत नेऊ नये, ते तपासणीत काढून ठेवावे लागते.

सकाळच्या पहिल्या विमानाला मी पाचांपैकी चार गुण देते आणि संध्याकाळी सहानंतरच्या विमानांना अडीच. ज्यांना पुढे बस, रेल्वे किंवा दुसरे विमान पकडायचे आहे त्यांनी संध्याकाळच्या विमानानंतर किमान तीन तासांची फट ठेवावी, आणि डोंबिवली–कल्याण–बदलापूरच्या प्रवाशांनी घर ते घर सकाळी साडेपाच व संध्याकाळी सात तास धरून चालावे. पूर्वी आईने फोनवर ‘‘केव्हा पोचशील?’’ असे विचारले की मी तिकिटावरची वेळ सांगत असे आणि ती पावणेआठपासून फाटकाशी उभी राहत असे. आता मी तिला पावणेनऊ सांगते. पुढच्या महिन्याचे तिकीट सकाळी ६.१० चेच काढले आहे.